नसलेल्या अक्षराची जागा

१

त्या घरात वरच्या मजल्यावर अक्षरं जन्माला यायची आणि खालच्या मजल्यावर त्यांना अंग मिळायचं. वर थोरली बहीण फॉन्ट तयार करायची, खाली धाकटा भाऊ पत्रा आणि ॲक्रिलिक कापून पाट्या बनवायचा. बहिणीला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. भाऊ लहानपणी खिशात खिळे घेऊन हिंडायचा, म्हणून त्याचं नाव खिळ्या पडलं ते पडलंच. चाळिशीला टेकला तरी सुटलं नाही. कारखान्यामागच्या स्वयंपाकघरात आईचं राज्य होतं आणि दोघांबद्दल तिचं मत ठाम होतं: एकीला जेवणाचं भान नाही आणि दुसऱ्याला आंघोळीचं.

मशीन चालू असताना हाक मारून उपयोग नसे. म्हणून चहा झाला की खिळ्या एक लांब पाइप घ्यायचा आणि छताला ठोकायचा. ठक ठक, मग जरा थांबून, ठक. ताईच्या पायाखालची फरशी थरथरायची आणि ती पेन खाली ठेवायची. इतक्या वर्षांत त्या ठोक्यांची चाल कधी बदलली नव्हती.

ताईची स्वतःचीही एक रीत होती. नवं अक्षर तयार झालं की ती ते मोठ्या कागदावर छापून भिंतीवर उलटं टांगायची, पाय वर आणि डोकं खाली. सरळ अक्षर माणूस वाचून मोकळा होतो, बघत नाही. उलटं टांगलं की वाचायचा मोह सुटतो आणि त्याचा तोल, त्याची खोट नजरेला येते. मग ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जायची, मान कलती करायची, एक डोळा मिटायची आणि बघत राहायची. तिचं समाधान झालं की खिळ्याला वर बोलावणं जायचं. तो हात पुसत दारात उभा राहायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा.

"बसलं." नाहीतर, "नाही बसलं."

त्याने चित्रकलेचा एक धडा घेतला नव्हता, पण त्याच्या शब्दाशिवाय ताईने आजवर एकही अक्षर घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

२

तिच्या सगळ्या फॉन्टांत नाव काढलं ते 'उद्या'ने. येणाऱ्या काळातल्या यंत्राला मराठी लिहावंसं वाटलं तर ते कसं लिहील, अशी कल्पना करून तिने तो काढला होता. जाड, सरळ रेघा. गोलाई नावाला नाही. प्रत्येक अक्षराचा वरचा उजवा कोपरा तिरका छाटलेला. वरची शिरोरेषा सलग नाही, तर प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, जणू मधे कुणीतरी श्वास घेतंय. मजकुराला तो चालणारा नव्हताच. त्यात कुणी पत्र लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने डोकं धरलं असतं. पण दोन-चार शब्द मोठे लिहा, पोस्टरवर, पाटीवर, आणि बघणारा जागीच थबकायचा.

आधी एका व्हिडिओ गेमने तो घेतला. मग विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर आला, मग अंतराळयानांच्या सिनेमाच्या पोस्टरवर. आई एकदा म्हणाली, "तुझ्या त्या यंत्राला सांग गं, जरा वळणदार लिहीत जा म्हणावं."

एक अक्षर मात्र ताईला दाद देईना. ळ. त्याच्या दोन्ही वाट्या गोल. चौकोनी केल्या तर चष्मा दिसायचा, छाटल्या तर फुटलेले दात. कागदांमागून कागद उलटे टांगून झाले, आणि दर वेळी खिळ्या दारातूनच मान हलवायचा. "नाही बसलं, ताई. काहीतरी बघतंय त्यातून." शेवटी तिने हात टेकले. गिऱ्हाइकांच्या शब्दांत ळ आलाच नव्हता, मग घाई कसली? नंतर बघू, म्हणून तिने ती जागा रिकामी सोडली.

फॉन्टमध्ये एखादं अक्षर काढलेलंच नसेल, तर संगणक त्याच्या जागी एक रिकामा चौकोन दाखवतो. तो चौकोन कसा दिसावा हेही फॉन्ट काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं. कंटाळलेल्या एका दुपारी ताईने गंमत म्हणून त्याचं दार केलं. उभट चौकट, कोपरा छाटलेला, आणि दार किंचित किलकिलं, एवढीशी काळी चीर.

खिळ्याला ते भलतंच आवडलं. "वा! जो आलाच नाही त्याच्यासाठी खोली बांधलीस. आणि वर दार उघडं ठेवलंस!"

दोघं खूप हसले. बरेच दिवस ती घरातली थट्टाच होऊन बसली. कारखान्यात एखादा स्क्रू हरवला की खिळ्या म्हणायचा, गेला वाटतं त्या खोलीत.

३

भिंतीवर त्या दाराचा छापलेला कागद लटकत होता, तोही उलटाच. एका सकाळी ताई त्याच्यासमोरून गेली आणि परत मागे आली. चीर जाड दिसत होती.

तिने काढली तेव्हा ती पेन्सिलीच्या टोकाएवढी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आता अख्खी पेन्सिल त्यात मावली असती. तिने फाइल उघडून पाहिली. तिथे चीर होती तेवढीच होती. म्हणजे प्रिंटरने शाई ओकली, दुसरं काय? तिने नवीन प्रत काढली आणि जुनीशेजारी लावली. नवीन प्रतीतली चीर जुनीपेक्षाही रुंद निघाली.

कागद दमट असेल, तिने मनाची समजूत घातली. डोळ्यांचा नंबर बदलला असेल. रोज अक्षरांकडे एक डोळा मिटून बघणाऱ्या बाईचे डोळे कधीतरी दगा देणारच. तरी त्या दिवशी तिने टेबल फिरवून घेतलं, कागद पाठीशी येणार नाही असं.

दुपारी आई कपड्यांच्या घड्या घेऊन वर आली आणि नेहमीप्रमाणे भिंतीलगतच्या खुर्चीत टेकली. थोड्या वेळाने तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"ते दार लोट गं जरा. गार वारा येतोय."

"कुठलं दार, आई?"

"हे काय, पाठीमागचं."

आईच्या पाठीमागे भिंत होती, आणि भिंतीवर कागद. खोलीचं खरं दार समोर होतं आणि बंद होतं. खिडक्याही बंद होत्या. ताई उठली आणि हात लांब करून कागदापाशी धरला. वारा होता. बारीक, थंड, चिरेतून यावा तसा. कागद मात्र तसूभरही हलत नव्हता.

तिने दोन्ही कागद काढून गुंडाळले आणि कपाटावर टाकले. खिळ्याला सांगावं असं मनात आलं, पण तो हसला असता. आणि तो हसला नसता तर? त्याचीच तिला जास्त भीती वाटली, म्हणून ती गप्प बसली.

४

त्याच आठवड्यात मावशीच्या ऑपरेशनसाठी तिला परगावी जावं लागलं. ती नसताना एका आर्किटेक्ट बाईंचं काम आलं. आकाश बघायची नवी इमारत बांधून तयार होती, आणि तिच्या दालनातल्या भिंतीवर माणसाच्या उंचीच्या पोलादी अक्षरांत एकच शब्द हवा होता: वेधशाळा. फॉन्ट 'उद्या'च हवा. उद्घाटन तोंडावर आलेलं. फॉन्ट खिळ्याच्या संगणकावर होताच. त्याने शब्द टाइप केला आणि मशीन सुरू केलं.

ताई परतली त्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर फोटो आला. प्रशस्त रिकामं दालन, भिंतीला लावलेली परांची, तिच्यावर अंगठा दाखवत उभा खिळ्या, आणि मागे चकाकणारी अक्षरं. वे, ध, शा. मग दार. मग दाराशेजारी काना.

ताईने लगेच फोन लावला. "खिळ्या, तिथे काय लावलंस ते?"

"काय म्हणजे? तुझीच अक्षरं. कसं दिसतंय ते सांग आधी."

"अरे, तो ळ नाहीये!"

"मग काय आहे?"

"ळ मी काढलाच नाही अजून. म्हणून तिथे ते दार आलंय. आपलं गमतीचं दार!"

पलीकडे तो खो खो हसत सुटला. "हात्तिच्या! मला वाटलं तू एकदाची वैतागलीस आणि चौकोनाचाच ळ केलास. दाराचा विचारच आला नाही डोक्यात, इतकं मोठं कधी बघितलं होतं ते? तुझा क तसा, तुझा म तसा, त्यात हे काय वेगळं दिसणार? तू नव्हतीस, म्हणून मीच खाली उभा राहिलो आणि स्वतःला सांगितलं, बसलं. कापून टाकलं."

"ते काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतो गं, रडतेस काय. बाईंना सांगू काहीतरी." मग त्याचा आवाज बदलला. "ताई, एक विचारू? ती चीर मी नुसती वरवर कोरली होती. आरपार कापली नव्हती. इथे तर माझा हात जातोय आत."

"हात बाहेर काढ!"

"काढला. गार आहे आत. मागे भिंत लागायला हवी ना? लागत नाही." त्याने पत्र्यावर ठोकलेलं तिला ऐकू आलं. सवयीने त्याच चालीत. ठक ठक, जरा थांबून, ठक.

मग पुन्हा तेच ऐकू आलं. लांबून, दबकं. ठक ठक. ठक.

"ताई," खिळ्या हळू आवाजात म्हणाला, "हे मी नाही केलं."

"खाली उतर. ऐकतोयस ना? खाली उतर आणि घरी ये!"

"आतून कुणीतरी ठोकतंय. अगदी आपल्यासारखं. शिकलं बघ लगेच." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण ते हसू नव्हतं. "दार मोठं होतंय, ताई. मी हात लावलेला नाही."

ताईने फोन टेबलावर टाकला आणि संगणक ओढला. ळ नव्हता म्हणून दार होतं. ळ आला तर दाराला जागाच राहणार नाही. हा विचार शहाण्या माणसाचा नव्हता, पण त्या वेळी दुसरा सुचेना. तिने रेघा ओढायला सुरुवात केली. जे अक्षर वर्षभर हाती लागलं नव्हतं ते आपल्या पायांनी चालत यावं तसं पडद्यावर उमटत गेलं. एक वाटी, दुसरी वाटी, मधला दांडा. फोनमधून खिळ्या काहीतरी बोलत होता, "ताई, आत एक खोली..." आणि त्याच्या आवाजाला घुमारा येत होता, विहिरीत वाकून बोलावं तसा. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने ळ जागेवर बसवला आणि फाइल जतन केली.

फोनमधून पोलादावर पोलाद आदळल्याचा आवाज आला.

"खिळ्या? बंद झालं का रे? खिळ्या?"

फोन चालू होता. रिकाम्या दालनात कुठेतरी पारवा फडफडत होता, तेवढंच ऐकू येत होतं. तो घुमारा कसला होता ते तिला तेव्हा कळलं. बोलता बोलता तो आत गेला होता.

५

ताई धावत पोचली तेव्हा दालनात परांची होती तशीच होती. तिच्या पायथ्याशी खिळ्याचे बूट होते, मोजे आत कोंबलेले. परांचीवर तो नेहमी अनवाणीच चढायचा. वर फळीवर त्याचा फोन पडला होता आणि त्यावर ताईचाच कॉल अजून चालू होता. ड्रिल कोमट होतं. भिंतीवरची ती चौकट मात्र सपाट होती, ना दार ना चीर. नुसता चकचकीत पत्रा, ज्यात ताईला स्वतःचं तोंड वेडंवाकडं दिसलं.

तिने आरडाओरडा करून माणसं गोळा केली. चौकट उतरवली. मागे नवा गिलावा होता, त्यात स्क्रूंची भोकं, बाकी काही नाही. ताईने नखांनी गिलावा उकरायला सुरुवात केली तेव्हा पहारेकऱ्याने तिला धरून बाजूला बसवलं आणि पाणी दिलं. "बाहेर पडताना मी काही पाहिलं नाही त्यांना," तो म्हणाला, आणि हे तो पोलिसांनाही तसंच सांगत राहिला.

पोलिसांच्या मते मोठा माणूस होता, मनात आलं तर कुठे जाईल, मनात आलं तर परत येईल. आईने तेवढंच धरून ठेवलं. रोज त्याचं ताट वाढायची, झाकायची, संध्याकाळी उचलायची. खालचं मशीन बंद पडलं. त्या घराला शांततेची सवयच नव्हती. आता घड्याळाचा काटासुद्धा अंगावर यायचा.

ताई दिवसचे दिवस त्या ळसमोर बसून काढायची. मीच कोंडलं त्याला, मीच, या हातांनी. तो मिटवला तर दार परत येईल, एवढं तिला कळत होतं. कितीदा तरी बोट मिटवायच्या कळीपर्यंत जायचं आणि तिथेच अडायचं. कारण आत खिळ्या एकटा नव्हता. त्याच्या ठोक्यांना कुणीतरी ओ दिली होती.

६

मग एका सकाळी, लख्ख उजेडात, ते आलं.

ठक ठक. जरा थांबून, ठक.

ताईच्या पायाखालची फरशी हलली नाही. आवाज खालून नव्हताच. समोरच्या भिंतीवर तिने ळ छापून उलटा टांगला होता, त्या कागदामागून तो येत होता.

खालून आई आनंदाने ओरडली, "आला गं, आला! ऐकलंस का?"

ठक ठक. ठक.

ताईला रडू फुटलं. हा खिळ्याच, दुसरं कोण असं ठोकणार? आणि त्याच क्षणी तिला त्याचे शब्द आठवले: शिकलं बघ लगेच. चाल हुबेहूब होती. इतकी हुबेहूब, की त्यावरून काहीच ठरवता येत नव्हतं. उघडलं नाही आणि तो असला, तर ती त्याला दुसऱ्यांदा कोंडणार होती. उघडलं आणि तो नसला, तर जे बाहेर येईल त्याच्यापुढे खाली आई एकटी होती.

ठोके जरा मंदावले. थकलेल्या माणसाचे असावेत तसे. शेवटचा ठक आलाच नाही.

ते तिला सहन झालं नाही. तिने ळ मिटवला.

पडद्यावर दार आलं. चिरेएवढं नाही, हातभर उघडं. गार वाऱ्याने टेबलावरचे कागद जमिनीवर गेले. ताईने भीत भीत पडद्याला डोळा लावला आणि आत पाहिलं.

आत खोली होती, तिच्या खोलीएवढीच. समोरच्या भिंतीवर काहीतरी लटकत होतं. वरच्या बाजूला, जिथे डोकं असायला हवं तिथे, दोन अनवाणी पावलं होती. खाली एक हात लोंबत होता आणि त्याची बोटं जमिनीला लागत होती. ठक ठक. मग जरा थांबून, ठक. हात आपणहून हलत होता की कुणी हलवत होतं, ते तिला कळलं नाही. कारण तेव्हा तिला खोलीचं दुसरं टोक दिसलं. तिथे कुणीतरी उभं होतं. मान कलती करून, एक डोळा मिटून, त्या लटकत्या अंगाकडे निरखून बघत होतं.

मग ती मान हळूहळू ताईकडे वळली.

"बसलं," खिळ्याच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. तो आवाज पडद्यातून आला नव्हता. तो तिच्या पाठीमागून, खोलीच्या दारातून आला होता, जिथे उभा राहून तो नेहमी म्हणायचा तिथूनच.

ताईला मागे वळायचं होतं आणि मान वळेना. फरशीवर पावलं वाजली, अनवाणी, ओळखीची. त्यांच्यामागून आणखी पावलं वाजली, जी ओळखीची नव्हती, आणि ती थांबेचनात.

खाली आईने गॅस पेटवल्याचा आवाज आला. तिने जिन्यापाशी येऊन हाक मारली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू होतं.

"अगं, वर एवढे जण कोण चालतायत? खिळ्याबरोबर किती माणसं आलीत ते तरी सांग. चहाला पाणी किती टाकू?"